नव्या स्वेनबोर्गची नदी

वेस्टरबी, लांगेलँड बेट,
डेन्मार्क
१७ जानेवारी १८८६

चि. सौ. मारेन हिस,
एस्बेनचा समुद्राच्या या काठावरून नमस्कार. वि. वि.

मी पोचलो. बोटीवर माझे जे हाल झाले ते लिहीत नाही, तू हसशील. सध्या तुझ्या बाबांच्या घरी माळ्यावरच्या खोलीत, तुझ्या लग्नाआधीच्या खाटेवर झोपतो. खाट आखूड आहे, पाय बाहेर राहतात. थिरा म्हणते की भावोजी, नेब्रास्कात माणसं वाढतात वाटतं, गेलात तेव्हा तर एवढे नव्हतात. तुझी बहीण अंगानं मोठी झाली, जिभेनं तेवढीच आहे. बाबा बरे आहेत, थोडे वाकले आहेत. तू गेल्यापासून सकाळची कॉफी दोन पेल्यांत ओततात आणि मग एक पेला परत किटलीत रिकामा करतात, असं थिरा सांगत होती. मला ते पाहायला मिळालं नाही, कारण दुसरा पेला आता मी पितो.

काल खानावळीत पहिली सभा घेतली. रेल्वे कंपनीचा नकाशा भिंतीवर टांगला. तो चांगला चादरीएवढा आहे, गावात एवढं मोठं चित्र चर्चखेरीज कुठंच नाही. रेल्वेची रेघ लाल आणि बोटभर जाड. दोन्ही अंगांना कंपनीच्या जमिनीचा हिरवागार पट्टा, त्यातून निळी एल्क नदी वळणं घेत जाते, आणि एका वळणावर आपलं नवं स्वेनबोर्ग, चर्चच्या शिखरासकट. खालच्या कोपऱ्यात एक बाई गव्हाच्या पेंढ्या कवटाळून उभी आहे. निम्मे पुरुष नदीकडे बघत होते आणि निम्मे तिच्या दंडांकडे. मारेन, तुला खरं सांगतो, त्या चर्चखाली उभा राहून मी बोलत होतो आणि बोलता बोलता ते मलाही दिसायला लागलं.

येप्पे लोहारानं विचारलं की नदी केवढी आहे. मी म्हटलं, नकाशात आहे तेवढी. सगळे हसले, त्यांना वाटलं मी गंमत केली. मी खोटं काही बोललो नाही, छापलेलं वाचून दाखवलं. बाबा पुढच्याच बाकावर होते. त्यांनी एवढंच विचारलं की मारेन सुखात आहे ना. मी हो म्हणालो.

कंपनीच्या व्हिटकमसाहेबांशी ठरलेलं तू विसरू नकोस. मी इथून कुटुंबं पाठवली की आपल्या जमिनीचे राहिलेले हप्ते माफ, आणि तोवर तुला रेल्वेच्या टाकीतून हवं तेवढं पाणी. माझं परतीचं तिकीट कोपनहेगनच्या कचेरीत अडकवून ठेवलं आहे, माणसं बोटीत बसली की ते हातात पडेल. तेव्हा उन्हाळ्याआधी मी दारात उभा असेन. आपल्या छोट्या बोडिलला पापा दे. ती मला विसरली असेल तर तसं कळवू नकोस.

आहे ती माया माझ्यासाठी राखून ठेव.
तुझा,
एस्बेन


नवं स्वेनबोर्ग, नेब्रास्का
१४ फेब्रुवारी १८८६

प्रिय एस्बेन यास,
मारेनचा स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वादळ होतं. गाडी थांबली नाही, गार्डानं टपालाची पिशवी बर्फात भिरकावली. म्हातारा डॉयल फावड्यानं उकरून ती घेऊन आला आणि म्हणाला की तुझ्या नवऱ्याला म्हणावं इथं यायचं तर असंच यावं लागेल. गावाची वस्ती आता आम्ही तिघं: मी, बोडिल आणि पंपावरचा डॉयल. तो जर्मन ब्रह्मचारी नाताळाआधीच खोपटाला खिळे ठोकून निघून गेला. जाताना त्यानं मला आपली चूल दिली. मी आभार मानले, तर म्हणाला की आभार कसले, उचलवत नाही म्हणून देतो.

घर ऊबदार आहे. ढेपळांच्या भिंतीतून माती गळून सारखी दुधात पडायची, म्हणून मी आतून कागद लावला. कुठला कागद ते ओळख. कंपनीनं स्टेशनात नकाशांचे गठ्ठे टाकून ठेवले आहेत, डॉयलनं हवे तेवढे ने म्हटलं. आता चारही भिंतींना एल्क नदी वाहते. बोडिल निळा रंग त्यावरच शिकली. त्या पेंढीवालीला ती आजी म्हणते. काल तिनं नकाशावरच्या एका झाडावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं की झाड. मग झाड म्हणजे काय ते सांगता सांगता मला दमायला झालं.

खरी एल्क नदी सध्या बर्फानं भरली आहे आणि बोडिल तिच्यात घसरगुंडी खेळते. इतकी भरलेली ती मी कधी पाहिली नव्हती. पाण्याचं म्हणशील तर टाकीचा नळ रोज सकाळी गोठतो, डॉयल पलिते लावून तो सोडवतो. पाण्याला लोखंडाची चव येते. पण तो देतो, आणि दर वेळी आठवण करून देतो की कंपनीच्या माणसाची बायको म्हणून देतोय, मला साहेबाचा हुकूम आहे. चांगला माणूस आहे. त्याच्या या चांगुलपणाचीच मला भीती वाटते, कारण तो हुकमाचा आहे.

खानावळीत तू काय वाचून दाखवतोस त्यावर मी बोलत नाही. हे आपण दोघांनी मिळून ठरवलं, मी तुला दारापर्यंत पोचवायला आले होते. पण एक कर. तो नकाशा बाबांच्या घरात उलगडू नकोस. गुंडाळी करून खाटेखाली ठेव. बाबा नकाशावर नाही भुलणार, पण थिरा भुलेल.

तुला आठवते ती मी तशीच आहे, थोडी काळवंडले आहे एवढंच. जीव सांभाळ.
तुझीच,
मारेन


वेस्टरबी
२६ फेब्रुवारी १८८६

चि. सौ. मारेन हिस,
एस्बेनचा मनापासून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र अजून आलं नाही, तरी थांबवत नाही म्हणून लिहितो. कामाला यश येतंय आणि माझी झोप उडाली आहे. येप्पे लोहाराचं घर नक्की झालं. त्याच्यामागे मोठ्या वाड्यावरची गडीमाणसं, सुतार, दोन विधवा आपापल्या पोरांना घेऊन. रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचन संपल्यावर माझं नाव घेतलं आणि देवानं कबूल केलेल्या भूमीकडे निघालेल्या इस्रायलच्या लोकांचा दाखला दिला. मी टोपीत तोंड खुपसून बसलो. बाहेर आल्यावर बायका माझ्या बाहीला हात लावत होत्या.

आणि आता थिरा आणि बाबा म्हणतात आम्हीही येतो.

मी काय केलं नाही ते विचार. बाबांना म्हटलं तुमचं वय झालं, तर त्यांनी माझ्यासमोर गव्हाचं पोतं उचलून खांद्यावर टाकलं. थिराला म्हटलं तिकडे वारा फार, तर म्हणाली, बेटावर काय कमी आहे का. मी सांगितलं की जरा दम धरा, पुढच्या वर्षी पाहू. तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली की गावाला सांगता लवकर निघा, आणि घरच्यांना सांगता दम धरा, चांगली जमीन आधी परक्यांना देणार वाटतं. 

मला खरं बोलायचं तर ते कुठं बोलू. खानावळीत बोललो तर येप्पेचे हात तुला माहीत आहेत. कोपनहेगनला कळलं तर तिकीट गेलं, आणि तुझं पाणीही. इथं मी रोज लोकांत असतो, रोज कुणी ना कुणी जेवायला बोलावतं, मटण वाढतं, आणि खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा मी तेवढ्याच गोलात फिरतो. बाबांना काय सांगू ते तू लिही. तू सांगशील तसं करतो. लवकर लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
एस्बेन


नवं स्वेनबोर्ग
२२ मार्च १८८६

एस्बेन यास, वि. वि.

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी ऊठ आणि बाबांना सांग. लाजू नकोस, घुटमळू नकोस. सांग की नदीत मार्च सरला की पाणी नसतं. आपण दोन विहिरी खणल्या, दोन्हींत कोरडा मुरूम लागला. चर्चच्या जागी मोजणीची एक खुंटी आहे. आम्ही जगतो ते इंजिनाला पाजून उरलेल्या पाण्यावर, आणि तेही तू माणसं पाठवतोस म्हणून. हे सगळं माझ्या नावानं सांग. मारेननं लिहिलंय म्हणून सांग. हा कागद त्यांच्या हातात दे.

तू विचारतोस कुठं बोलू. गोठ्यात बोल. गाईंचं दूध काढताना बाबा नेहमी ऐकून घेतात.

आता दुसरंही लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं होईल. बाबा येणार हे वाचलं तेव्हा मी पहिली गोष्ट काय केली असेल तर जमीन झाडायला घेतली. खाट कुठं टाकायची ते पाहिलं. थिरा माझ्यापाशी झोपेल, बाबांना चुलीकडची बाजू. बोडिलला सांगितलं की तुझे आजोबा येणार, आणि तिनं भिंतीवरच्या बाईकडे बोट केलं, की हिचे का. मग मी हातातला झाडू ठेवला आणि पुन्हा पत्र वाचलं. एस्बेन, इथं दिवसचे दिवस मी माझाच आवाज ऐकते. मी त्यांना येऊ नका म्हणते आहे यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. म्हणून तू पक्का राहा. मी इथं एकटी पक्की राहू शकत नाही.

तुझं तिकीट गेलं तर जाऊ दे. काहीतरी करू.
मारेन


वेस्टरबी
२ एप्रिल १८८६

चि. सौ. मारेन हिस,
नमस्कार कुठल्या तोंडानं करू ते कळत नाही, तरी करतो. वि. वि.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मिळालं. तोवर नकाशा खाटेखाली ठेवायची वेळ टळून गेली होती. माझ्या फेब्रुवारीच्या पत्राचं उत्तर अजून वाटेत असेल. ते आलं तरी आता उपयोग नाही. बाबांनी शेत विकलं. धाकट्या मॅड्सनं घेतलं, खाटेसकट. सगळी मंडळी १४ तारखेला निघतात, बाबा आणि थिरा त्यांच्यासोबत.

झालं ते तसंच्या तसं लिहितो. गेल्या महिन्यात एक दिवस मला राहवलं नाही. बाबा गोठ्यात होते. मी त्यांच्यामागे उभा राहून म्हणालो की तिथं नदी नाही. त्यांनी दूध काढणं थांबवलं नाही. मी पुढं बोलत गेलो, विहिरींचं सांगितलं, ढेपळांच्या घराचं सांगितलं. बादली भरली तसे ते उठले आणि विचारलं, मग मारेन काय पिते?

मी टाकीचं सांगितलं. साहेबांशी काय ठरलं तेही सांगितलं.  दुसऱ्या दिवशी मॅड्सला बोलावून त्यांनी व्यवहार पक्का केला.

मला वाटलं होतं खरं ऐकून ते थांबतील. खरं ऐकूनच ते निघाले.

आणि त्यांनी मला शपथ घातली की गावात चकार शब्द काढायचा नाही, थिरालाही नाही. त्यांचं म्हणणं असं की मंडळी फुटली तर कंपनी माझं तिकीट दाबेल आणि तुझं पाणी तोडेल, ते त्यांना चालणार नाही. मी म्हटलं, आणि येप्पे, त्याची पोरं? त्यावर म्हणाले की ते माझ्यावर सोड, समुद्र ओलांडला की वाटेत मी त्यांना सांगेन, आयोवात आपले लोक आहेत, तिकडे वळवीन. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मला मात्र इथंच ठेवलं आहे. कोपनहेगनची कचेरी कळवते की काम उत्तम झालं, आता लोलंड आणि फाल्स्टर बेटांवर सभा घ्या, तिकिटाचं शरद ऋतूत पाहू. नवीन नकाशा पाठवला आहे. त्यात नदी आणखी रुंद केली आहे.

रागाव, पण माया तोडू नकोस.
एस्बेन


नवं स्वेनबोर्ग
२३ मे १८८६

प्रिय एस्बेन यास,
मारेनचा स. न. वि. वि.

बाबा इथं आहेत. चुलीकडच्या बाजूला झोपले आहेत, बोडिल त्यांच्या पोटावर. थिरा बाहेर कपडे वाळत घालते आहे आणि वारा ते परत तिच्या तोंडावर मारतो आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला मला दम लागेल.

तुझं पत्र ते येण्याच्या आठवडाभर आधी आलं. त्याच गाडीनं व्हिटकमसाहेबाची चिठ्ठी आली. मंडळी जंक्शनवर उतरणार, जमिनीचे कागद तिथल्या कचेरीतच व्हायचे. तुम्ही मुलीला घेऊन या, दोघींनी धुतलेले कपडे घाला, आपल्या भाषेत दोन शब्द स्वागताचे बोला. सोबत गाडीचा पास. मी डॉयलला दाखवलं. तो म्हणाला की जा, आणि काय बोलतेस ते नीट विचार करून बोल, मला म्हातारपणी त्या नळाला कुलूप लावायला लावू नकोस.

कचेरीत लांब टेबलावर पांढरा पाव आणि कॉफी मांडली होती. भिंतीवर नकाशा. मंडळी आत आली तेव्हा मी एकेकाला ओळखलं आणि त्यांनी मला ओळखलं नाही. येप्पेची बायको आना माझ्या शेजारी उभी राहून थिराला विचारत होती की मारेन कुठं दिसत नाही. थिरानं मात्र ओळखलं. तिनं माझा हात धरला आणि हाताच्या भेगांवरून अंगठा फिरवत राहिली. बाबा दाराशी होते. मी त्यांना विचारलं की वाटेत सांगितलंत का. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले की बोटीवर सगळे गात होते गं, आयोवात गाडी थांबली तेव्हाही गात होते.

साहेबानं टाळी वाजवली आणि मला पुढं बोलावलं. कंपनीचा दुभाष्या सामान उतरवून घ्यायला फलाटावर गेला होता. साहेबाला आपली भाषा येत नाही. तो माझ्या तोंडाकडे बघून हसत होता, म्हणून मीही हसत हसत बोलले.

मी म्हटलं, भल्या माणसांनो, तुम्ही आलात, मला फार आनंद झाला, आता मी हसते आहे त्याकडे लक्ष देऊ नका, मी काय सांगते ते ऐका. मग सगळं सांगितलं. नकाशावर बोट ठेवून सांगितलं, की साहेबाला वाटावं मी गाव दाखवते आहे. ही नदी म्हणजे एक चर आहे, जूनमध्ये त्यातून चालत गेलं तर बुटांवर धूळ बसते. हे चर्च म्हणजे खुंटी. ही झाडं म्हणजे काहीच नाही. पाणी रेल्वेचं आहे आणि ते मला मिळतं ते एस्बेन तुम्हाला इकडे पाठवतो म्हणून. आज मी हे बोलले म्हणून उद्यापासून तेही मिळणार नाही. कागदावर सही करण्याआधी एकदा माझ्या मुलीचे ओठ पाहा. नवं स्वेनबोर्ग हा शब्द कानावर पडला की साहेब दर वेळी मान डोलवायचा.

 मग आनानं कॉफीचा पेला खाली ठेवला आणि मोठ्यानं रडायला लागली, आणि साहेबानं तिला आपला रुमाल दिला. त्याला वाटलं भेटीचा आनंद.

मला वाटलं होतं ते मला दुवा देतील. येप्पे पुढं झाला आणि म्हणाला की नदीकाठची जमीन तुम्ही आधीच बळकावली असेल, आता आम्ही वाटेकरी नको झालो. नवरा तिकडे बोलावतो आणि बायको इकडून हाकलते, चांगली जोडी जमली आहे. मी म्हटलं, ये आणि बघ. तो म्हणाला की बघणारच आहे. सुतारानं बाबांना विचारलं की तुम्हाला हे ठाऊक होतं का, आणि बाबा हो म्हणाले. एस्बेन, आख्ख्या आयुष्यात बाबांवर कुणी आवाज चढवलेला मी पाहिला नव्हता. सुतार त्यांच्या बटनाला धरून बोलत होता आणि ते तसेच उभे होते, हात खाली सोडून. शेवटी म्हणाले की माझी पोर तिथं होती, मला दुसरं काही सुचलं नाही.

दुभाष्या परत आला तेव्हा साहेबाला सगळं कळलं. तो ओरडला नाही. त्यानं आनाकडून रुमाल परत मागून घेतला.

बरीच मंडळी त्याच फलाटावर बसून राहिली आणि पूर्वेकडची गाडी पकडून आयोवाला गेली. तिथं शेतांवर मजुरी मिळेल म्हणतात. चार घरांनी सही केली. येप्पेनं हट्टानं, आणि बाकीच्यांनी गाठीशी पुढच्या गाडीचं भाडंही उरलं नव्हतं म्हणून. ते सगळे आता इथं तंबूंत आहेत. येप्पेनं पहिल्याच दिवशी नदी पाहिली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि आना माझ्याकडे पाणी मागायला येते.

पाणी असं आहे की नळाला कुलूप लागलं. डॉयलनं ते माझ्यासमोरच लावलं. म्हणाला की मला जायला दुसरी जागा नाही मारेनबाई, असती तर लावलं नसतं.  त्यानं तोंड फिरवलं आणि मीही फिरवलं. बाबा आणि थिरा गाडीवर पिंप घालून ओव्हरटन या गुरं पाळणाऱ्याच्या तळ्यावरून पाणी आणतात. जाऊन यायला सगळा दिवस मोडतो.

मी तुझं तिकीट बुडवलं. हे मला तिथं उभं असतानाच माहीत होतं. तू मला माफ कर किंवा करू नकोस, पण पत्र पाठव.
तुझीच,
मारेन


वेस्टरबी
३० जून १८८६

प्रिय मारेन हिस,
एस्बेनचा नमस्कार. वि. वि.

तिकीट गेलं. फाल्स्टरच्या खानावळीत सभा चालू असताना तार आली, आणि कचेरीच्या माणसानं भरल्या बाकांसमोर नकाशा खाली उतरवून काखेत मारला. लोकांना वाटलं जमीन संपली. दोघं माझ्यामागे धावले की आमच्यापुरती तरी काढा.

वेस्टरबीला परतलो तर आयोवाहून पत्रं पोचली होती. पाद्रीबाबा रस्ता बदलतात. येप्पेच्या भावानं मला बंदरावर गाठलं. फार काही लिहीत नाही, एक दात गेला, मागचाच आहे. मी हात उचलला नाही. त्यानंतर जरा बरं वाटलं, हे कुणाला सांगू नकोस.

तू माफी कसली मागतेस. मी गोठ्यात पाठीमागून बोललो, बाबा बोटीवर बोललेच नाहीत, आणि तू साहेबासमोर हसत हसत बोललीस. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

बोटीच्या भाड्याला पैसे नाहीत आणि मला उधार कोण देणार. मॅड्सनं मला गडी म्हणून ठेवलं, कारण इतर कुणी ठेवत नाही हे त्याला माहीत आहे आणि त्यामुळे मी स्वस्तात पडतो. तेव्हा आता मी तुझ्या बाबांच्या गोठ्यात त्यांच्याच गाईंचं दूध काढतो आणि माळ्यावरच्या त्याच आखूड खाटेवर झोपतो. बाबा माझ्या घरात आणि मी त्यांच्या. दुसरा एखादा असता तर मी हसलो असतो.

एक सुचवतो. बाबांना आणि थिराला घे आणि तूही आयोवाला जा. जमीन पडू दे. तिथं मजुरी कर, मी इथं करतो, दोन्हीकडून साठवलं तर पुढच्या वसंतात मी बोटीत बसेन. तिथल्या माणसांत तुला बोलायला कुणीतरी मिळेल. बाबा ऐकणार नाहीत, पण तू साहेबाला ऐकवलंस तर बाबांना ऐकवशीलच.

तुझ्या मायेवर दिवस काढतो आहे.
एस्बेन


नवं स्वेनबोर्ग
३ ऑक्टोबर १८८६

प्रिय एस्बेन यास,
मारेनचा स. न. वि. वि.

तुझा दात गेला त्याचं वाईट वाटलं. थिरा म्हणते भावोजींना आता शिट्टी चांगली येईल. ती अजून तशीच बोलते, मात्र आता बोलून झाल्यावर हसत नाही.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी आयोवाचा विषय काढला. बाबा म्हणाले की शेत विकून आणलं ते सगळं या जमिनीच्या हप्त्यात घातलं, आता सोडून जायचं म्हणजे दोन वेळा उघडं व्हायचं. मी म्हटलं, राहून रोज होतोय त्याचं काय. पुष्कळ दिवस आम्ही दोघं यावर भांडलो. कधी पिंप उतरवताना, कधी जेवताना. शेवटी त्यांनी कबूल केलं. पहिल्या विहिरीतच आणखी खोल जाऊन पाहायचं, आणि सप्टेंबरअखेरच्या संत मिकेलच्या सणापर्यंत पाणी लागलं नाही तर सगळं टाकून निघायचं. त्यांनी माझ्या हातावर हात मारून वचन दिलं.

ते आणि येप्पे मिळून खणत होते. हो, येप्पेच. एक दिवस तो आपणहून पहार घेऊन आला, माझ्याशी एक शब्द न बोलता आत उतरला. वर रहाटावर थिरा आणि आना. माती वर यायची ती पिवळी, कोरडी, हातात घेतली की वाऱ्यावर उडून जायची. मला एवढ्यानंच बरं वाटायचं. मी हे तुलाच लिहू शकते. रोज संध्याकाळी मी सगळ्यात आधी त्या मातीला हात लावून पाहायची, आणि कोरडी लागली की माझा जीव भांड्यात पडायचा. सणाला चार दिवस उरले तेव्हा मी बोचकी बांधली. जर्मन ब्रह्मचाऱ्याची चूल आनाला देऊ केली. बोडिलला सांगितलं की आपण झाडं बघायला जाणार आहोत. भिंतीवरचे कागद तसेच राहू दिले.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी खालून येप्पेची हाक आली. मला ती नीट कळली नाही, वाटलं कुणाला लागलं. धावत गेले तर बादली वर येत होती आणि तिच्यातून काळी ओली वाळू ठिबकत होती. पुढच्या बादलीत गढूळ पाणी. आना गुडघ्यावर बसली आणि तिनं त्यात तोंडच घातलं. येप्पे वर आला, चिखलानं माखलेला, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला की मारेन, मी जंक्शनवर बोललो ते मागे घेतो. थिरानं गळ्यात हात टाकून मला गोल फिरवलं.

मी रडायला लागले. थांबताच येईना. बाबांनी चिखलाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले की रड पोरी, मोकळी हो, देवानं तुझं ऐकलं. सगळे माझ्याभोवती उभे राहिले आणि तेही रडले. त्यांना वाटलं मी आनंदानं रडते आहे. मी तसंच वाटू दिलं.

पाणी कडवट आहे पण पिण्याजोगं आहे. आता जाण्याचा विषय कुणी काढत नाही. बाबा कुंपणाला तार कुठून आणायची ते विचारत फिरतात. येप्पे पुढच्या वर्षी भात्याची सोय करून लोहारकाम सुरू करणार. बोचकी थिरानं सोडली, मला कळायच्या आत. तुझ्या बोटीचं भाडं या जमिनीतून कधी निघेल ते मी बाबांना विचारलं, तर म्हणाले की पाणी लागलं, आता सगळं निघेल, थोडं थांब.

विहीर फार खोल गेली आहे. पाणी ओढायला तिघं लागतात. घोडं हाकायला थिरा, रहाटापाशी बाबा, आणि बादली काठावर ओढून घ्यायला मी. यातलं एक जरी नसलं तरी पाणी वर येत नाही, आणि त्यावर आता पाच घरं पितात.

बाबा हाक मारताहेत, बादली अर्ध्यावर आली असेल. जाते. तिथल्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन झोपत जा, मी तशीच झोपायची. माझ्यावरचा जीव आहे तेवढा असू दे.
तुझीच,
मारेन